आर्मी एव्हिएशनमध्ये जायचं कसं? विदर्भातल्या पोट्ट्यांसाठी (आणि पोरींसाठीपण) सगळं एका जागी

"सर, मले हेलिकॉप्टर उडवाचं हाय, एअरफोर्सचा फॉर्म कवा निघते?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतोच. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतो आणि एनसीसीपण बघतो, त्यामुळे हिंगणघाट-समुद्रपूर भागातले पोट्टे विचारायला माझ्याकडेच येतात, आणि दरवर्षी तेच तेच तोंडाने सांगण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकू म्हटलं. तर पहिली गोष्ट ही की हेलिकॉप्टर म्हणजे फक्त एअरफोर्स नाही. आर्मीचं स्वतःचं उडणारं दल आहे, आर्मी एव्हिएशन कोर, आणि तिथं जायचा रस्ता एअरफोर्सच्या फॉर्मातून जातच नाही. तिथं आधी आर्मीचा ऑफिसर किंवा जवान व्हावं लागतं, हेलिकॉप्टर नंतर येतं. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी पोट्टे चुकीच्या फॉर्ममागे दोन-दोन वर्षं घालवून राहिले.

बरं, आपल्या इकडे घोळ होणं साहजिक आहे. आपल्या डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर आर्मीचं असण्याची शक्यता तशी कमीच. नागपूरला सोनेगाव आहे ते एअरफोर्सचं, वायुसेनानगरात त्यांच्या मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर आहे. गडचिरोलीत निवडणुकीच्या वेळी पोलिंग पार्ट्या सोडणारं मोठं हेलिकॉप्टर तेपण एअरफोर्सचं. आणि झेडपी शाळेच्या ग्राउंडवर उतरतं, ज्याच्या धुळीत अख्खं गाव उभं राहतं, ते पुढाऱ्याचं भाड्याचं. आर्मी आपल्याकडे आहे, कामठीला गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, पुलगावला दारूगोळ्याचा डेपो आहे, पण आर्मी एव्हिएशनचं शिकायचं घर महाराष्ट्रात आहे ते नाशिकला. सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये बसा, नाशिकरोडला उतरा, त्याच भागात.

आधी थोडा इतिहास, आणि कंटाळा करू नका

इतिहास काहून सांगून राहिलो, तर एसएसबीच्या (फौजेत ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाच्या) इंटरव्ह्यूत "आर्मी एव्हिएशन काहून पाहिजे?" म्हटल्यावर "सर, बचपन से सपना है" एवढंच उत्तर देणारे पोट्टे भरपूर आहेत. या दलाचं काम काय हे त्याच्या जन्मातूनच कळतं, म्हणून वाचा.

तोफखान्याची एक जुनी अडचण आहे. तोफ मागे कितीतरी किलोमीटरवर उभी, गोळा जाऊन पडतो टेकडीच्या पलीकडे, मग तो निशाण्यावर पडला का दोनशे मीटर डावीकडे गेला हे सांगणार कोण? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी यावर तोड काढली, तोफखान्याच्याच ऑफिसरला छोटं विमान चालवायला शिकवलं आणि वर पाठवलं. तो वरून बघणार, वायरलेसवर सांगणार, इतकं उजवीकडे घ्या, इतकं पुढे टाका. याला नाव एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, फौजेत नुसतं एअर ओपी. ऑस्टर नावाची हलकी विमानं होती, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, साध्या सपाट शेतातपण उतरायची. बर्मामध्ये जपान्यांविरुद्ध ६५६ नंबरच्या स्क्वाड्रनने हेच काम केलं. इथं बघण्यासारखं हे की विमान चालवणारा माणूस वायुसेनेचा नव्हता, तोफेवालाच होता, कारण गोळा कुठं पडायला पाहिजे हे त्यालाच कळतं.

ऑगस्ट १९४७ मध्ये, फाळणीच्या धामधुमीतच, आपली पहिली एअर ओपी फ्लाइट उभी राहिली. पुढे १९६५ च्या लढाईत ऑस्टरसोबत एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) बनवलेलं कृषक विमानही होतं. आणि १९७१ ची लोंगेवाला तर तुम्हाला माहीतच आहे. ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानचे रणगाडे राजस्थानच्या वाळवंटात आपल्या चौकीवर चालून आले, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या कंपनीने रात्रभर तग धरला आणि उजाडल्यावर जैसलमेरहून एअरफोर्सच्या हंटर विमानांनी येऊन रणगाडे फोडले. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पण त्या हंटरवाल्यांना वाळूत रणगाडे दाखवून कोण देत होतं, तर मेजर आत्मासिंग, एअर ओपीचे पायलट, एका छोट्या कृषक विमानात, ज्याला ना बंदूक ना बॉम्ब. त्यांना वीरचक्र मिळालं. माझ्या मते आर्मी एव्हिएशन म्हणजे काय हे एका माणसात बघायचं असेल तर तो हाच.

साठचं दशक संपता संपता चेतक हेलिकॉप्टर आलं, मग सत्तरच्या दशकात चीता. दोन्ही मूळची फ्रेंच, एचएएलने लायसन्स घेऊन इथं बनवलेली. चीत्याच्या मूळ मॉडेलचं नाव लामा, आणि त्या लामाने १९७२ च्या जून महिन्यात एक रेकॉर्ड केला होता, झाँ बुले नावाचा फ्रेंच पायलट ते १२,४४२ मीटरवर घेऊन गेला. एव्हरेस्टपेक्षाही साडेतीन हजार मीटर वर! खाली येताना इंजिन बंद पडलं आणि परत चालूच झालं नाही, तर हा माणूस नुसत्या हवेच्या जोरावर पंखा फिरत ठेवून खाली उतरला. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि हे प्रत्येक हेलिकॉप्टर पायलटला शिकावंच लागतं. "इंजिन बंद झालं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं" असं कोणी म्हटलं तर त्याला हे सांगा.

१३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, आपण सियाचीन ताब्यात घेतलं, आणि तिथं चीता किती कामाचा हे सगळ्यांना कळलं. वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर रस्ता नाही, खेचर नाही. सगळ्यात उंच चौक्यांवर चीता एका फेरीत रॉकेलचा एखाद-दुसरा जरीकॅन नाहीतर थोडंसं रेशन, एवढंच घेऊन जाऊ शकतो, टेबलाएवढ्या हेलिपॅडवर टेकतो न टेकतो, सामान टाकलं की निघाला. परत येताना कोणाला हिमदंश झालेला, कोणाच्या फुप्फुसात पाणी झालेलं, त्याला उचलून आणायचं. आर्मी एव्हिएशनची ६६६ स्क्वाड्रन याच कामासाठी नावाजलेली, सियाचीन फाल्कन्स म्हणतात त्यांना.

तर १ नोव्हेंबर १९८६ ला हे सगळं तोफखान्यातून वेगळं काढून आर्मी एव्हिएशन कोर नावाचं स्वतंत्र दल झालं. घोषवाक्य "सुवेग व सुदृढ". वर्ष भरायच्या आतच १९८७ ला श्रीलंकेत ऑपरेशन पवनमध्ये उतरावं लागलं, मग १९९९ ला कारगिल, तिथं टेहळणी आणि जखमींना खाली आणणं. २०१३ चा उत्तराखंडचा महापूर, २०१४ चा काश्मीरचा पूर, तिथंपण हे लोक होते.

मग एअरफोर्सच्या हेलिकॉप्टरात आणि यांच्यात फरक काय?

हा प्रश्न इंटरव्ह्यूत येऊ शकतो, आणि पोट्टे इथंच गडबडतात. साधं बघा. गावात ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, पण पाऊस उघडून वाफसा आला की त्या दोन दिवसांत सगळ्यांनाच पाहिजे असतो, तेव्हा ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याची पेरणी वेळेवर होते. तसंच, जमिनीवर लढणाऱ्या कमांडरला "आत्ता, या नाल्यापलीकडे काय आहे ते बघून सांग" म्हणायला हाताखालचं हेलिकॉप्टर लागतं. एमआय-१७, चिनूक असली मोठी वजनदार हेलिकॉप्टरं एअरफोर्सकडे, आणि फौजेच्या अंगाला अंग लावून चालणारी हलकी हेलिकॉप्टरं आर्मीकडे, अशी मोटामोटी वाटणी. यावरून दोन दलांत वर्षानुवर्षं ओढाताण झाली आहे, विशेषतः हल्ला करणारी हेलिकॉप्टरं कोणाची यावर, आणि अजूनही दोघांकडे थोडी थोडी आहेतच. इंटरव्ह्यूत यात बाजू घेऊ नका, कारणं सांगा.

सध्या आर्मीकडे काय काय आहे ते थोडक्यात. चीता-चेतक अजून आहेत पण म्हातारे झालेत, अपघातही झालेत, ते लपवण्यात अर्थ नाही. ध्रुव हे एचएएलचं स्वतःचं, दोन इंजिनांचं, २००२ पासून सेवेत. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव पडल्यावर सगळ्याच दलांची ध्रुव काही महिने जमिनीवर उभी होती, हेपण माहीत असू द्या. ध्रुवलाच २० मिलिमीटरची तोफ आणि ७० मिलिमीटरची रॉकेटं लावली की ते झालं रुद्र. प्रचंड हे पूर्ण हल्ल्यासाठीच बनवलेलं, कारगिलमध्ये उंचावर लढणारं हेलिकॉप्टर नव्हतं तिथून या कल्पनेने जोर धरला. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडचा करार झाला, त्यातली ९० आर्मीची. आणि अमेरिकन अपाचे, आर्मीने सहा मागवली, पहिली तीन जुलै २०२५ मध्ये आली, त्यांची स्क्वाड्रन जोधपूरला. शिवाय ड्रोन, म्हणजे हेरॉनसारखी मोठी, तासन् तास वर राहणारी, तीपण आता याच दलाकडे आहेत आणि ती चालवणारेही नाशिकहूनच शिकून निघतात.

एक गोष्ट आपल्या विदर्भातल्या पोट्ट्याने इंटरव्ह्यूत हमखास सांगावी अशी आहे. हेलिकॉप्टरची ताकद हवेच्या दाटपणावर असते. उंचावर हवा विरळ, म्हणून सियाचीनला चीता एवढंसंच सामान नेतो. पण हवा गरम झाली तरी विरळ होते, म्हणजे मे महिन्यात चंद्रपूरला ४६ डिग्री असताना तेच हेलिकॉप्टर डिसेंबरपेक्षा कमी वजन उचलणार. पुस्तकातलं फिजिक्स आपल्या गावच्या उन्हाला लावून सांगितलं की समोरच्याला कळतं, याने घोकलेलं नाही, समजून घेतलं आहे.

पायलट व्हायचं असेल तर

पायलट व्हायला आर्मीत ऑफिसर असावं लागतं. लोक विचारतात की सर, खाजगी फ्लाइंग क्लबमधून लायसन्स काढलं तर? भाऊ, त्याला पंचवीस-पन्नास लाख कुठून आणता, आणि आणले तरी त्या लायसन्सवर आर्मी घेत नाही. तिथं कमिशनच (ऑफिसर म्हणून नेमणूक) लागतं, आणि आर्मी शिकवते तेपण फुकट, उलट पगार देऊन.

बारावीनंतरचा सरळ रस्ता एनडीए, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमी. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणित ३०० मार्क, जनरल ॲबिलिटी ६००, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, म्हणून ठोकाठोकी करू नका. पेपर इंग्लिश आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. आणि हे नीट वाचा, एनडीएत एअरफोर्स आणि नेव्हीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, पण आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते, म्हणजे आर्ट्सचा पोट्टापण पात्र आहे. फक्त ३०० मार्कांचं गणित त्यालाही सोडवायचंच आहे, तिथं सूट नाही. पोरींसाठी हे दार २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टामुळे उघडलं. एनडीएची तीन वर्षं खडकवासल्याला, मग एक वर्ष देहरादूनला आयएमए (इंडियन मिलिटरी अकॅडमी).

बारावी पीसीएम चांगल्या मार्कांनी आणि जेईई मेन दिलेली असेल तर टेक्निकल एंट्रीचा फॉर्म निघतो, त्याला लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी. ग्रॅज्युएट असाल तर सीडीएस, म्हणजे यूपीएससीचीच कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा. आणि एनसीसीचं सी सर्टिफिकेट निदान बी ग्रेडचं असेल, ग्रॅज्युएशनला ५० टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्री, तिथंपण लेखी नाही. हे मी ओरडून ओरडून सांगतो, पण पोट्टे बी सर्टिफिकेट झालं की परेडला यायचं बंद करतात, काहून तर पोलीस भरतीत चालते ना! अरे बाप्पा, सी म्हणजे ऑफिसरच्या रांगेतून एक अख्खी परीक्षा वगळणं आहे.

लेखीनंतर एसएसबी, पाच दिवस. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांचा कॉल भोपाळचा येतो, नागपूरहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी तिथं. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग होतं, एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग सगळ्यांनी मिळून चर्चा करायची, आणि अर्ध्याहून जास्त लोक तिथूनच घरी. खेड्यातला पोट्टा इथं इंग्लिशमुळे पडतो असं सगळे म्हणतात. मला तसं नाही वाटत. तो पडतो गप्प राहिल्यामुळे. ज्या घरात बाप बोलतो आणि बाकीचे ऐकतात तिथल्या पोराला दहा अनोळखी लोकांत मधे तोंड घालायची सवयच नसते. म्हणून तयारी करायची तर पाच-सहा जण जमवा, देवळाच्या ओट्यावर बसा, रोज एक विषय घ्या, कापसाचा भाव घ्या, मोबाईल घ्या, काहीही, पण तुटक्या इंग्लिशमध्ये आणि प्रत्येकाने बोलायचं. पहिले आठ दिवस सगळे हसतील. हसू द्या.

दहावीत असाल तर दोन सरकारी जागा लक्षात ठेवा, छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, तिथं दहावीनंतर दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेतात, आणि पोरींसाठी तशीच नाशिकला सुरू झाली आहे. भाऊ-बहीण पाचवी-आठवीत असेल तर चंद्रपूरची सैनिक शाळा, सहावी आणि नववीत प्रवेश.

कमिशन मिळालं, पुढे?

बहुतेकांचा रस्ता असा असतो. आधी एखाद्या आर्ममध्ये ऑफिसर म्हणून जाता, तोफखाना, एअर डिफेन्स, इन्फंट्री, काहीही, तिथं काम करता आणि मग एव्हिएशनसाठी व्हॉलंटियर करता. तेव्हाच्या कॅप्टन अभिलाषा बराक बघा, २०१८ ला आर्मी एअर डिफेन्समध्ये कमिशन झालं आणि २५ मे २०२२ ला नाशिकला विंग्स (पायलटचा बिल्ला) मिळाले, आर्मीची पहिली महिला कॉम्बॅट एव्हिएटर. म्हणजे हा रस्ता धीराचा आहे. "मी एव्हिएशनच घेणार, दुसरं काही मिळालं तर सोडणार" असल्या पोट्ट्याने या भानगडीत पडू नये, कारण जागा मोजक्या आणि मागणारे भरपूर. जमिनीवरच्या फौजेत नोकरी करायला जो मनापासून तयार आहे त्यानेच इकडे यावं.

व्हॉलंटियर केल्यावर पायलटची ॲप्टिट्यूड टेस्ट, कॉम्प्युटर आणि जॉयस्टिकवर, हात-पाय-डोळे एकाच वेळी किती चालतात ते बघतात. ही टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते. एकदाच म्हणजे एकदाच! त्यामुळे एनडीएच्या वेळी फॉर्ममध्ये एअरफोर्स फ्लाइंगला सहज टिक करून, झोप न झालेल्या अवस्थेत ही टेस्ट देऊन नापास झालात तर पायलटकीचं दार कायमचं बंद. टिक करायची तर विचार करून करा. मग पायलटचं वेगळं मेडिकल, साध्या आर्मीच्या मेडिकलपेक्षा कडक, रंग ओळखता येणं, पाठीचा कणा, पायांची लांबी, सगळं मोजतात. ते झालं की नाशिकला कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल, २००३ ला सुरू झालेलं, त्याआधी हे शिक्षण शेजारीच देवळालीच्या तोफखान्याच्या शाळेत चालायचं. हेलिकॉप्टर शिकताना सगळ्यात अवघड काय, तर एका जागी हवेत स्थिर उभं राहणं. पुढे जाणं त्यामानाने सोपं.

ऑफिसर नाही, पण हेलिकॉप्टरजवळच काम करायचं आहे

हा रस्ता कोणी सांगतच नाही, आणि माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या पोट्ट्यांसाठी हाच खरा आहे. हेलिकॉप्टर एक तास उडतं त्याच्यामागे जमिनीवर कितीतरी तास हात काळे करणारे लोक असतात. आर्मीत हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीचं मोठं काम ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोर करते, म्हणजे तुम्ही आर्मी एव्हिएशनच्या स्क्वाड्रनसोबत असाल पण तुमची कोर ईएमई असेल. इंधन भरणं, हेलिकॉप्टर ओढून नेणं-आणणं, हेलिपॅड सांभाळणं याला वेगळे जवान असतात.

दार अग्निवीर टेक्निकल. बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्लिश घेऊन, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०, किंवा दहावीनंतर ठरलेल्या ट्रेडचा आयटीआय वा डिप्लोमा. बायोलॉजी घेऊन मॅथ्स सोडलेलं असेल तर बारावीच्या जोरावर टेक्निकल होत नाही, म्हणून अकरावीला विषय निवडतानाच बघा. कुठली कोर मिळेल हे तुमच्या हातात नसतं, हे आधीच सांगतो. नोकरी चार वर्षांची, त्यातले २५ टक्केपर्यंत पुढे कायम. बाकीच्यांनी काय करायचं यावर गावोगाव वाद चालू आहेत आणि ते वाद खोटे नाहीत, पण हाताला तांत्रिक काम शिकलेला माणूस जीडीवाल्यापेक्षा (जनरल ड्युटीवाल्यापेक्षा) बाहेर येऊन लवकर उभा राहतो असं माझं मत आहे.

आधी ऑनलाइन परीक्षा होते, ती आता मराठीतूनही देता येते, मग ग्राउंड. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर पूर्ण ६० मार्क, बीम (पुल-अप) दहा काढले तर ४०. विदर्भातले जिल्हे नागपूरच्या भरती कार्यालयाकडे आहेत, बुलढाणा सोडून, बुलढाणेवाल्यांनी संभाजीनगरचं नोटिफिकेशन बघायचं. रोज पहाटे हायवेच्या कडेला पळून राहिलात ते चांगलंच, पण डांबरावर पळून पळून नडगी दुखायला लागते, आठवड्यातले तीन-चार दिवस तरी मातीत पळा, आणि अंधारात पांढरा शर्ट घाला, ट्रकवाल्याला दिसलं पाहिजे.

मेडिकल आणि कागदं, इथंच घात होतो

सिकलसेल तपासून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हे खूप आहे, आणि कितीतरी जणांना आपल्यात आहे हे माहीतच नसतं. उंचावर ऑक्सिजन कमी झाला की हा आजार उसळतो, त्यामुळे फौजेच्या मेडिकलमध्ये हा अडचणीचा विषय आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, एक वर्ष पळून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. रंगांधळेपणा तसाच, तालुक्याच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे ठिपक्यांचं पुस्तक असतं, पाच मिनिटांचं काम. कानातला मळ काढून घ्या, हसू नका, त्यामुळेपण लोक अडकतात.

टॅटू असेल तर कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी अंगावर नाही. आदिवासी समाजातल्या परंपरेच्या गोंदणाला सवलत आहे, तसा दाखला सोबत ठेवा.

कागदांत सगळ्यात जास्त घात होतो नावात. दहावीच्या मार्कशीटवर "ज्ञानेश्वर", आधारवर "द्न्यानेश्वर", बापाचं नाव एकीकडे "रामभाऊ" आणि दुसरीकडे "रामराव". दहावीची मार्कशीट मूळ धरा आणि आधार, पॅन, डोमिसाईल सगळं त्याच्यासारखं करून घ्या, आणि हे काम फॉर्म निघायच्या आधी करा, कारण शेवटच्या आठवड्यात सेतूवर लाइन असते आणि सर्व्हर डाउन असतो. पोलीस पाटलाचा, सरपंचाचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, हे त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्ये दिलेल्या नमुन्यातच घ्या.

फॉर्म आर्मीच्या सरकारी साइटवर, मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाका, कॅफेवाल्याचा नाही, नाहीतर ॲडमिट कार्ड त्याच्याकडे आणि तुम्ही शेतात. आणि कोणी म्हणालं की तीन लाख द्या, हेडक्वार्टरमध्ये ओळख आहे, एव्हिएशनमध्येच बसवतो, तर तिथून उठा आणि पोलिसात सांगा. एव्हिएशनमध्ये बसवायचं कोणाच्याही बापाच्या हातात नसतं.

एनडीएचा पहिला फॉर्म साधारण डिसेंबरला निघतो आणि दुसरा मेच्या आसपास, परीक्षा एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. बारावीत शिकत असतानाच भरता येतो, निकालाची वाट बघायची गरज नाही. फी १०० रुपये आहे, पोरींना आणि एससी-एसटीला तीपण नाही. अजून काही अडलं तर कॉलेजात शनिवारी परेड झाल्यावर भेटा, येताना दहावीची मार्कशीट आणि आधार दोन्ही घेऊन या, आधी नावच बघू.